गणपतीला गावी निघताना



गणपतीच्या आधीच्या दोन-तीन रात्री मुंबई-गोवा महामार्गावर काय रहदारी असते, हे महाड-पोलादपूरच्या माणसाला सांगायला नको. कोकण रेल्वे वीर स्थानकावरून बाजूने निघून जाते; महाड शहरात रेल्वे नाही, पोलादपुरातही नाही. त्यामुळे आपल्या चाकरमान्यांना गाव गाठायचं म्हणजे रस्ताच धरावा लागतो. खेड, दापोली, चिपळूण, गुहागरची मंडळीही आपल्याच दारावरून जातात. तिघा भावांनी मिळून एक टेम्पो ट्रॅव्हलर ठरवायची, नाहीतर सात जणांच्या गाडीत नऊ माणसं आणि मखराचं सामान कोंबून निघायचं, ही आता रीतच झाली आहे. हल्ली झोपायची सोय असलेल्या कॅराव्हॅनही भाड्याने मिळतात. पण गाडी साधी असो की बिछान्याची, एरवी चार-पाच तासांत महाडला पोचवणारा रस्ता या दिवसांत दुप्पट-तिप्पट वेळ खातो, आणि तेवढा वेळ आपण एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसलेले असतो.

महाडमध्ये डॉक्टरकी करताना या प्रवासाचं दुसरं टोक मला दिसतं. पहाटे दवाखान्यासमोर गाडी थांबते. आजीला उलट्या होऊन गळून गेल्यासारखं झालेलं असतं, म्हणून तिला आत आणतात. तिचा एक मुलगा माझ्यासमोर बसतो, दुसरा बाहेर गाडीला टेकून उभा राहतो, आणि एकाने सांगितलेलं दुसऱ्याला सांगायला सुनेला मध्ये यावं लागतं. दोघे भाऊ माणगावपासून एकमेकांशी बोललेले नसतात. विचारलं, तर कारण निघतं एसीचं: एकाला खिडकी उघडी हवी होती, दुसऱ्याला बंद. अशी कुटुंबं दरवर्षी येतात. आजीला बरं करणं सोपं असतं. भावांचा अबोला मात्र कधी कधी गौरी-विसर्जनापर्यंत पुरतो.

आज मला मुख्यतः एकच गोष्ट सांगायची आहे. दमलेल्या माणसाला आपण किती दमलोय हे कळत नाही. चालकालाही कळत नाही आणि मागच्या सीटवर शब्दाला शब्द वाढवणाऱ्यालाही कळत नाही. म्हणून प्रवासातले महत्त्वाचे निर्णय रस्त्यावर घ्यायचे नसतात. ते घरून निघण्याआधी, डोकं ताजं असताना घेऊन ठेवायचे असतात.

हे मी मनाचं सांगत नाही. २००३ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी काही निरोगी माणसांना १४ दिवस रोज जास्तीत जास्त सहाच तास झोपू दिलं. लक्ष ठेवायच्या चाचण्यांमध्ये त्यांची कामगिरी दिवसेंदिवस घसरत गेली. शेवटी शेवटी ती एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाइतकी झाली. पण झोप येते का असं विचारलं, तर त्यांचं उत्तर साधारण एकच असायचं: थोडीशी येते, विशेष काही नाही. मुंबईत लोकल गाठण्यासाठी पहाटे उठणारी आपली माणसं वर्षभर अशाच झोपेवर काढतात आणि वर गणपतीला रात्रभर गाडी चालवतात.

आता चालकाचं गणित मांडू. सकाळी सहाला उठलेला माणूस दिवसभर कामावर जातो, संध्याकाळी सामान बांधतो आणि रात्री दहाला निघतो. अकराच्या सुमारास पनवेलजवळ येतो, तेव्हा त्याला जागं राहून १७ तास झालेले असतात. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड यांनी दाखवून दिलं, की सलग १७ तास जागं राहिलं की माणसाच्या हाताचा-डोळ्याचा मेळ १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम दारू असल्यासारखा ढासळतो. आपल्या कायद्याची मर्यादा आहे ३० मिलिग्रॅम. म्हणजे दारूचा थेंबही न घेतलेला, गणपतीची मूर्ती मांडीवर घेतलेल्या बायको-मुलांना घेऊन निघालेला हा सज्जन माणूस पनवेललाच ती मर्यादा ओलांडून बसतो. पुढे वडखळ, इंदापूर, माणगावची कोंडी लवकर सुटली तरी पहाटे पाचला तो महाडला येतो, तेव्हा २३ तास झालेले असतात. आणि पहाटे दोन ते सहा ही तर शरीराची स्वतःची झोपेची वेळ. दुपारी दोन ते चारच्या दरम्यान अशीच एक छोटी ओहोटी येते.

या अवस्थेत येते ती डुलकी तीन-चार सेकंदांची असते. डोळे उघडेही असू शकतात, पण मेंदू मिटलेला असतो. ताशी ८० किलोमीटरच्या वेगाने चार सेकंदांत गाडी जवळजवळ ९० मीटर पुढे गेलेली असते. खिडकी उघडणं, गाणी मोठ्याने लावणं, तोंडावर पाणी मारणं, तंबाखूचा बार भरणं यांनी काही मिनिटं बरं वाटतं, झोप जात नाही. उपाय एकच आहे: झोप. गाडी रस्त्याच्या कडेला नव्हे, पेट्रोल पंपावर किंवा ढाब्याच्या आवारात सुरक्षित लावा. कपभर चहा किंवा कॉफी घ्या आणि लगेच वीस मिनिटं आडवे व्हा. चहा-कॉफीचा परिणाम सुरू व्हायला साधारण तेवढाच वेळ लागतो, त्यामुळे दोन्हींचा फायदा एकदम मिळतो. उठल्यावर पाच-दहा मिनिटं चाला, मग स्टिअरिंगला हात लावा. हेही थोड्या वेळापुरतंच चालतं. त्याहून शहाणपणाचं म्हणजे रात्री दहाला निघण्याऐवजी लवकर झोपून, झोप पूर्ण करून सकाळी निघणं.

भाड्याची गाडी असेल, तर चालकाची चौकशी करणं हे आपलंच काम आहे. मोटार परिवहन कामगार कायदा १९६१ साली झाला. दिवसाला आठ तास काम आणि पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती, असं त्यात ठरवून दिलं होतं. या दिवसांत चालक एक फेरी टाकून येतो आणि तसाच दुसऱ्या फेरीला निघतो. म्हणून गाडीत बसण्याआधी त्याला आडून न विचारता सरळ विचारा: दादा, काल झोपलात कधी, किती तास? उत्तर नीट आलं नाही, तर दुसरा चालक मागा. आणि गावी पोचल्यावर काय होतं पाहा. आपण आंघोळी करून आरतीला उभे राहतो, आणि चालक अंगणात गाडीच्या सीटवर, डास चावत असताना, टाळ-झांजांच्या गजरात डोळा लागतोय का बघत पडलेला असतो. संध्याकाळी त्याच्याच हातात परतीची गाडी असते. त्याला पंगतीत वेळेवर जेवायला वाढा आणि माडीवरची किंवा मागच्या पडवीतली एखादी शांत, अंधारी जागा पंख्यासकट द्या.

आता शरीराकडे वळू. गाडी लागते ती कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेचं आणि डोळ्यांचं पटत नाही म्हणून. कान सांगतो गाडी वळते आहे, मोबाइलवर खिळलेला डोळा सांगतो सगळं स्थिर आहे. म्हणून ज्याला गाडी लागते त्याला पुढे बसवा, मान टेकवून लांबवर समोर बघायला सांगा, मोबाइल काढून घ्या. कशेडीच्या बोगद्यामुळे घाटातली बरीच वळणं वाचली, पण वरंधा किंवा आंबेनळीकडे वळणाऱ्यांना ती आहेतच. उलटीची गोळी घ्यायची तर वळणं सुरू होण्याआधी अर्धा-एक तास घ्यावी, उलटी झाल्यावर नव्हे. यातल्या बहुतेक गोळ्यांनी आणि सर्दीच्या कित्येक गोळ्यांनी झोप येते. चालकाला त्या कधीही देऊ नका. आलेपाकाची वडी मात्र चालकालाही चालते.

बायका प्रवासात पाणी पीत नाहीत. कारण सगळ्यांना ठाऊक आहे: वाटेत धड स्वच्छतागृह मिळेल याची खात्री नसते, आणि गाडी थांबवा म्हणायचा संकोच. त्यातून डोकं दुखतं, चिडचिड होते, नंतर लघवीला जळजळ सुरू होते. दर दोन तासांनी, कोणी मागितलं नाही तरी, गाडी थांबणार हे आधीच ठरलेलं असेल, तर कोणालाच मागावं लागत नाही. गणपतीच्या दिवसांत महामार्गावर सरकारी सुविधा केंद्रं उभी राहतात, त्यांचा संकोच न करता वापर करा.

सलग चार तासांहून जास्त बसलं की पायात रक्त साचायला लागतं. बहुतेकांचे पाय नुसते सुजतात आणि गावी गेल्यावर सूज उतरते. पण नुकतंच ऑपरेशन झालेले, गरोदर, पूर्वी रक्ताची गुठळी झालेले यांना धोका जास्त. बसल्या जागी दर अर्ध्या तासाने टाचा-चवडे वर-खाली करा, थांबल्यावर थोडं चाला. इथे भगिनींशी एक गोष्ट स्पष्ट बोलतो. गौरीसाठी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणल्या जातात. या गोळ्यांनी काही जणींमध्ये गुठळीचा धोका वाढतो, आणि त्यात बारा तासांचं बसणं येऊन मिळतं. पूर्वी गुठळी झालेली असेल, बीपी किंवा तीव्र अर्धशिशी असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या घेऊ नका. एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली किंवा अचानक धाप लागली, तर गावी पोचायची वाट न बघता जवळचं रुग्णालय गाठा.

आणि मधुमेहाचं. इन्शुलिन किंवा गोळी वेळेवर घेतली जाते, पण माणगावच्या कोंडीत जेवण दोन तास लांबतं. साखर उतरते. मग घाम येतो, हात थरथरतात, आणि एरवी शांत असणारे काका अचानक विनाकारण खेकसायला लागतात. घरचे म्हणतात, यांचं आता वयच झालं. ते वय नसतं, साखर कमी झालेली असते. शुद्धीत असतील तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटं थांबा, बरं वाटेना तर पुन्हा द्या, आणि मग काही खायला द्या. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात काही घालू नका, १०८ला फोन करा. प्रवासात डोस आणि जेवण यांची सांगड डॉक्टरांकडून आधीच समजून घ्या, आणि डबा हाताशी ठेवा, डिकीत नव्हे.

काकांच्या या खेकसण्यातून आपण गाडीतल्या भांडणांवर येतो. भूक, तहान, अवघडलेले पाय, अपुरी झोप यांचा पहिला परिणाम जिभेवर होतो. घरी धुसफूस झाली तर एक जण उठून पडवीत जातो, दुसरी स्वयंपाकघरात. गाडीत जायला जागाच नसते. शिवाय गाडीत सगळे पुढे तोंड करून बसतात. बोलणाऱ्याचा चेहरा दिसत नाही, फक्त आवाज ऐकू येतो. गंमत गंमत राहत नाही, टोमणा होते.

ध्रुवप्रदेशातल्यासारख्या एकाकी, कोंडलेल्या मुक्कामांचा विचार करताना बेकटेल आणि बर्निंग या दोघा अभ्यासकांनी १९९१ मध्ये एक निरीक्षण मांडलं: मुक्कामाचा अर्धा टप्पा उलटल्यावर, तिसऱ्या चतुर्थांशात, माणसांचं मन सर्वांत जास्त खचतं. निघतानाचा उत्साह संपलेला असतो आणि पोचायची चाहूल लागलेली नसते. पुढच्या सगळ्या अभ्यासांत ते जसंच्या तसं आढळलं असं नाही. पण मुंबईहून खेड-चिपळूणला निघालेल्यांसाठी हा तिसरा टप्पा साधारण महाड-पोलादपूरच्या पट्ट्यात पडतो. माझ्या दवाखान्यासमोर उभे असलेले अबोल भाऊ पाहिले की ते निरीक्षण मला पटतं.

यावर उपाय शोधायला लांब जायला नको. आळंदीहून पंढरपूरला ज्ञानेश्वर माउलींची पालखी जाते. हजारो माणसं अडीच-तीन आठवडे एकत्र चालतात, एकत्र जेवतात, तंबूत दाटीवाटीने झोपतात. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी या सोहळ्याला शिस्त घालून दिली. दिंडीचा क्रमांक ठरलेला, विसाव्याची जागा ठरलेली. कोण दमलं आहे यावर विसावा अवलंबून नाही. आणि तक्रारीचीही वेळ ठरलेली. मुक्कामी समाजआरतीच्या वेळी चोपदार दंड उंचावतो आणि सगळे टाळ थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल, तिचे टाळ तेवढे वाजत राहतात. चोपदार तिथे जातो, ऐकून घेतो, निवाडा होतो, आणि मग आरती होते. चालता चालता कुणी भांडत बसत नाही, आणि तक्रार पोटात ठेवून कुणी झोपतही नाही.

आपल्या गाडीतही हेच करता येईल. निघण्याआधी घरात दहा मिनिटं बसा आणि पाच गोष्टी ठरवा.

पहिली, मुकादम कोण. गाडी कधी थांबणार, एसी की खिडकी, गाणी किती वेळ, हे एकच माणूस सांगेल. तो चालक नको, आणि सर्वांत मोठा पुरुषच हवा असंही नाही. बऱ्याच घरांत हे काम थोरल्या वहिनी किंवा आत्या उत्तम करतात.

दुसरी, पैसे. डिझेल, टोल, चालकाचा भत्ता, वाटेतलं खाणं यात कोणाचा वाटा किती, हे निघण्याआधीच ठरवून एकाकडे जमा करा. ढाब्यावरच्या बिलापाशी उभं राहून केलेला हिशोब घरगुती भांडणाचं बी असतं.

तिसरी, जागा. दर थांब्यावर बसायच्या जागा बदला. मागच्या अरुंद सीटवर एकाच सुनेला सबंध रस्ताभर बसवू नका. बसण्यातही मानपान असतो, तो फिरता ठेवला की डाचत नाही.

चौथी, गप्प बसायची वेळ. दोन तासांतला अर्धा तास कोणी कोणाशी बोलायचं नाही. पोराने कानाला हेडफोन लावले तर लावू द्या. त्याला माणसं नकोशी झालेली नसतात; त्या गर्दीत त्याला तेवढाच एक कोपरा हवा असतो.

पाचवी, कोणते विषय गाडीत काढायचे नाहीत. जमिनीची वाटणी, घराच्या दुरुस्तीचा खर्च, गेल्या वर्षी गणपतीला कोण आलं नव्हतं, कोणाच्या मुलाचं लग्न कुठे ठरत नाही. हे विषय महत्त्वाचे आहेत, म्हणूनच ते दमलेल्या डोक्याने काढायचे नाहीत. एखादा निघालाच, तर मुकादमाने म्हणावं, हे गावी, जेवण झाल्यावर.

आणि तक्रार असेल ती थांब्यावर, गाडीतून उतरल्यावर, समोरासमोर, चेहरा बघून.

थांबे कुठले, हे ज्याच्या त्याच्या गावावर अवलंबून आहे. पण खेड-चिपळूणकडे जाणाऱ्यांना माझं सांगणं आहे, की महाड किंवा पोलादपूरला एक मोठा थांबा घ्याच, निदान पाऊण तासाचा. आता आलंच की, घाट उतरलो की पोचलोच, असं म्हणून इथेच गाडी दामटली जाते आणि इथेच ती दामटायची नसते. दोन्ही ठिकाणी एसटी स्थानक आहे, ग्रामीण रुग्णालय आहे, खायला-प्यायला मिळतं. पाय मोकळे करा, भाजी-भाकरी खा. तेलकट वडे टाळलेत तर पुढची वळणं सुखाची जातील. चालक पेंगुळला असेल, तर इथेच झोपू द्या. गणपती येण्याचा मुहूर्त सकाळी असतो हे खरं, पण म्हणूनच एक दिवस आधी निघावं. एक रात्र जागून तो साधू नये.

परतीच्या प्रवासाकडे सगळ्यांचंच दुर्लक्ष होतं. विसर्जनाच्या रात्री उशिरापर्यंत भजनं करून, दुसऱ्या दिवशी कामावर हजर व्हायचं म्हणून लोक त्याच रात्री निघतात. तेव्हा निघतानाचा उत्साह नसतो, सगळ्यांच्या झोपा अपुऱ्या असतात आणि पाच दिवसांत साठलेल्या बारीकसारीक कुरबुरी सोबत असतात. एक दिवसाची रजा जास्त टाका आणि विसर्जनानंतरची रात्र घरात झोपून काढा. रजेचा अर्ज करताना ती एक रात्र आधीच धरून ठेवा.

तेव्हा श्रोतेहो, यंदा मोदकांच्या यादीबरोबर आणखी एक कागद करा. त्यावर मुकादमाचं नाव, थांब्यांची ठिकाणं, कोणाची औषधं किती वाजता, आणि १०८ व ११२ हे दोन क्रमांक लिहा. तो कागद गाडीत समोर चिकटवा, आणि एकदा ठरलं की कोणी कितीही म्हणालं, मी ठीक आहे, चला पुढे, तरी त्या कागदाचंच ऐका.